मुखशस्त्रक्रिया आणि नाकावाटे गुंगीचे औषध : भीती कमी, दक्षता अधिक

अमरावती शहराच्या पश्चिमेस, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भातकुली हे तालुक्याचे गाव वसले आहे. भगवान आदिनाथांच्या जैन मंदिरामुळे दूरदूरचे यात्रेकरू या गावी येतात. भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस, तूर व सोयाबीन ही पिके घेतली जातात. शेतीच्या हंगामात येथील माणूस स्वतःच्या दुखण्याकडे सहसा लक्ष देत नाही. त्यातही दाताचे दुखणे तो सर्वांत शेवटी मनावर घेतो. दाढ ठणकू लागली, की प्रथम लवंग, मग औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी आणि गाल सुजल्यावर दवाखाना, असा हा क्रम केवळ भातकुलीचाच नव्हे, तर अवघ्या वऱ्हाडाचा आहे.

या विलंबामागे वेळेची व पैशाची अडचण असते, हे खरे. परंतु त्याहून मोठे कारण भीती हे आहे. दाढ काढताना होणाऱ्या वेदनेची भीती, हिरडीत टोचल्या जाणाऱ्या सुईची भीती आणि “वरची दाढ काढली की डोळा जातो” या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या समजुतीची भीती. या समजुतीला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. दाताला संवेदना पुरविणारी मज्जातंतूची शाखा निराळी आणि दृष्टीची मज्जा निराळी. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट किडलेली दाढ तशीच ठेवल्याने पू पसरून जिवावर बेतू शकते.

ही भीती कमी करण्यासाठी वैद्यकशास्त्राने जे उपाय शोधले, त्यांपैकी एक म्हणजे नाकात औषधाचा सूक्ष्म फवारा मारून रुग्णास सौम्य गुंगी आणणे. हा उपाय नेमका काय आहे, तो कोणाला उपयोगी पडतो आणि कोणाला अपायकारक ठरू शकतो, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे आवश्यक आहे.

भीतीची किंमत

लहान मुखशस्त्रक्रिया या सदरात दाढ काढणे, जबड्यात अडकलेली अक्कलदाढ कापून काढणे, पू झालेली गाठ फोडणे, मुलांचे किडलेले दुधाचे दात काढणे आणि संशयास्पद चट्ट्याचा तुकडा तपासणीसाठी काढणे, अशा गोष्टी येतात. यांपैकी शेवटची गोष्ट विदर्भाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भात गावोगावी खाल्ला जातो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु सुपारी आणि तंबाखूचे व्यसन त्याने संपले नाही. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ त्वचा हळूहळू ताठर होते, पांढुरकी पडते, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड साधारणतः ४० मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी करून समोरच्या दातांमध्ये सहज गेली पाहिजेत, ही त्याची घरगुती खूण. दोनच बोटे जात असतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. या विकाराच्या काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. तो वेळीच ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासणे. सुईच्या भीतीने ही तपासणी महिनोन् महिने टाळली गेली, तर लहान शस्त्रक्रियेने भागणारे काम जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत जाते. भीतीची ही किंमत रुग्ण आणि त्याचे कुटुंब, दोघांनाही मोजावी लागते.

भूल वेगळी, गुंगी वेगळी

बोलीभाषेत आपण सर्वच प्रकारांना ‘भूल’ म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या यात तीन भिन्न गोष्टी आहेत.

पहिली जागेची भूल. हिरडीजवळ लिग्नोकेनसारखे औषध टोचले, की तेवढा भाग बधिर होतो. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. दुसरी पूर्ण भूल. यात रुग्ण बेशुद्ध होतो व त्याच्या श्वासोच्छ्वासाची सर्व जबाबदारी भूलतज्ज्ञ घेतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी अवस्था आहे, ती सजग गुंगीची. या अवस्थेत रुग्ण शांत व काहीसा झोपाळू असतो. परंतु हाक मारली तर उत्तर देतो, सांगितले तर तोंड उघडतो आणि स्वतःचा श्वास स्वतः घेतो. नाकातील फवाऱ्याने अपेक्षित असते ती हीच अवस्था.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नाकातील फवाऱ्याने दात बधिर होत नाही. तो मनाची भीती कमी करतो. दाताची वेदना थांबविण्यासाठी जागेच्या भुलीचे इंजेक्शन द्यावेच लागते. फरक इतकाच, की गुंगी चढलेल्या रुग्णास त्या सुईची धास्ती वाटत नाही आणि पुष्कळदा ती नंतर आठवतही नाही.

दंतवैद्यांनी घडविलेला इतिहास

भूलशास्त्राच्या इतिहासात दंतवैद्यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. त्यानंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यांनी ईथरची भूल देऊन दाखविली व शस्त्रक्रियेचे युग पालटले. १९०५ साली प्रोकेन व १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन ही औषधे तयार झाल्याने जागेची भूल सुरक्षित व सर्वसामान्य झाली.

भीतीवरील औषधांत मिडाझोलाम हे आज सर्वाधिक परिचित आहे. १९७० नंतरच्या दशकात ते रोश या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. शस्त्रक्रियेपूर्वी लहान मुलांना ते नाकावाटे दिल्याचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. भारतातही बालदंतरोगतज्ज्ञांनी २००६ साली लहान मुलांत नाकावाटे व स्नायूत टोचून दिलेल्या मिडाझोलामची तुलना प्रसिद्ध केली. नाकावाटे दिलेल्या औषधाचा अंमल लवकर सुरू होतो व लवकर उतरतो, असे तीत आढळले. अलीकडच्या काळात डेक्समेडेटोमिडीन हे दुसरे औषधही नाकावाटे वापरले जाऊ लागले आहे. हाँगकाँग येथील डॉक्टरांनी अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत रुग्णांना शांतता लाभली आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदनाही कमी जाणवली, असे दिसून आले.

नाकाचाच मार्ग का?

तोंडावाटे घेतलेले औषध पोटातून यकृतात जाते. तेथे त्याचा मोठा भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच निकामी होतो. शिवाय जेवण, जुलाब, उलटी यांमुळे त्याचा अंमल किती वाजता चढेल, याचा नेम नसतो. शिरेतून दिलेले औषध तात्काळ काम करते व त्याची मात्रा थोडी थोडी वाढविता येते. पण त्यासाठी सुई टोचावी लागते आणि ज्याला सुईचीच भीती, त्याचे काय करावे, हा प्रश्न राहतो. नायट्रस ऑक्साइड चांगला आहे. परंतु त्याला यंत्र, सिलिंडर आणि नाकावर बसणारा मुखवटा लागतो, व रडणारे मूल तो मुखवटा टिकू देत नाही.

नाकाच्या आतील त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तेथे पडलेले औषध यकृताची वाट न धरता सरळ रक्तात शोषले जाते. मिडाझोलामचा अंमल साधारणतः ५ ते १० मिनिटांत जाणवू लागतो व अर्धा ते पाऊण तास काम करण्याजोगी शांतता मिळते. डेक्समेडेटोमिडीनला अंमल चढण्यास अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. परंतु ते नाकाला झोंबत नाही व येणारी गुंगी स्वाभाविक झोपेसारखी असते. मिडाझोलाम मात्र आम्लधर्मी असल्याने नाकात क्षणभर जळजळ होते, डोळ्यांत पाणी येते व घशात कडू चव उतरते. मुलाला आणि पालकाला हे आधीच सांगितलेले बरे. फसवणूक झाली असे मुलाला वाटले, तर पुढच्या वेळी ते दवाखान्याची पायरी चढणार नाही.

मात्रेचा हिशेब

फवारा म्हटला, की एकदा दाबले आणि काम झाले, अशी कल्पना होते. प्रत्यक्षात हे काम मोजमापाचे आहे.

मुलांमध्ये मिडाझोलामची नाकावाटे द्यावयाची मात्रा सामान्यतः दर किलो वजनास ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम धरतात. १५ किलो वजनाच्या मुलास दर किलोस ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने ३ मिलिग्रॅम औषध लागेल. हे औषध दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणातून घेतले, तर ०.६ मिलिलिटर होते. दोन्ही नाकपुड्यांत निम्मे निम्मे विभागून ते सुखाने बसते. पण दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेले पातळ द्रावण घेतले, तर तेच औषध ३ मिलिलिटर भरते. नाकपुडीत अर्ध्या मिलिलिटरहून फारसे जास्त द्रव टिकत नाही. उरलेला घशात ओघळतो, मूल तो गिळते किंवा थुंकते, आणि मग औषध किती लागू पडले, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच साध्या थेंबांपेक्षा सूक्ष्म तुषार करणारी नळी अधिक चांगली समजली जाते.

प्रौढांच्या बाबतीत ही अडचण वाढते. ब्रिटनमध्ये विशेष गरजा असलेल्या प्रौढ रुग्णांच्या दंतोपचारासाठी १० मिलिग्रॅम औषध केवळ पाव मिलिलिटरमध्ये मावेल, असे तीव्र द्रावण वापरण्यात आले आहे. भारतात मिळणारा मिडाझोलामचा नाकातील फवारा मुख्यतः आकडी थांबविण्यासाठी आहे; त्याच्या एका दाबातून, प्रकारानुसार, ०.५ किंवा १.२५ मिलिग्रॅम औषध बाहेर पडते. दंतोपचारासाठी त्याचा वापर करणे हा डॉक्टरांच्या निर्णयाचा व जबाबदारीचा भाग आहे. या लेखातील आकडे समजुतीसाठी आहेत. वय, वजन आणि आजार पाहून मात्रा ठरविण्याचे काम डॉक्टरांचेच होय. मिडाझोलामचा समावेश १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात आहे. आकडीसाठी कोणाच्या घरी फवारा ठेवलेला असला, तरी तो शेजाऱ्याच्या दाढदुखीसाठी वापरणे धोक्याचे आहे.

कोणाला देऊ नये?

सर्दीने नाक चोंदलेले असेल, वारंवार घोळणा फुटत असेल, तर औषध नीट शोषले जात नाही. दमा किंवा फुप्फुसाचा तीव्र विकार, झोपेत श्वास अडकण्याची सवय, स्नायूंच्या अशक्ततेचा मायस्थेनिया हा आजार, यकृताचा गंभीर बिघाड व गर्भारपण या स्थितींत हे औषध टाळले जाते किंवा केवळ सुसज्ज रुग्णालयातच त्याचा विचार होतो. दारू, झोपेच्या गोळ्या आणि अफूजन्य वेदनाशामके यांच्याबरोबर मिडाझोलाम दिल्यास श्वास मंदावतो. धीर यावा म्हणून घोटभर दारू पिऊन येणारा रुग्ण स्वतःच संकट ओढवून घेतो. त्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. एरिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक आणि बुरशीवरील काही औषधे चालू असतील, तर मिडाझोलामचा अंमल लांबतो. डेक्समेडेटोमिडीनने नाडीची गती व रक्तदाब उतरतो. म्हणून हृदयविकाराच्या रुग्णांत ते जपून वापरतात.

विदर्भाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक, सिकलसेलचा आजार. या रुग्णांत रक्तातील प्राणवायू घटला, तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. तेव्हा सिकलसेलचे कार्ड असल्यास ते डॉक्टरांना प्रथम दाखवावे. दुसरी, खर्ऱ्यामुळे आखडलेले तोंड. गुंगी गरजेपेक्षा खोल जाऊन श्वास थांबलाच, तर मुखवटा व फुगा यांच्या साह्याने प्राणवायू देता येतो. पण त्याने भागले नाही, तर तोंडातून श्वासनळीत नळी घालावी लागते. तोंडच दोन बोटे उघडत नसेल, तर ती नळी घालणे अत्यंत कठीण होते. ज्या रुग्णाला तपासणीची सर्वांत निकड, त्यालाच गुंगी देण्याचा धोका सर्वांत अधिक, अशी ही विचित्र स्थिती आहे. अशा रुग्णांची तपासणी टाळू नये. बहुतेक वेळा ती केवळ जागेच्या भुलीवर, धीर देऊन होऊ शकते. गुंगी हवीच असेल, तर ती भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच द्यावी.

उपचारकक्षातील सिद्धता

फवारा हाताळण्यास सोपा असला, तरी परिणामांच्या दृष्टीने तो शिरेतील औषधाइतकाच गंभीर आहे. एक महत्त्वाचा फरक असा, की शिरेतून औषध थोडे थोडे देऊन थांबता येते. नाकात एकदा दिलेले औषध परत घेता येत नाही. म्हणून पुढील सिद्धता अनिवार्य समजली पाहिजे.

दात काढणारी आणि रुग्णावर लक्ष ठेवणारी व्यक्ती एकच असू नये. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर, जो २०२० च्या कोरोना साथीत घरोघरी परिचित झाला, तो सतत लावलेला असावा. याचे मूळ तत्त्व जपानमध्ये १९७४ साली मांडले गेले. रक्तदाब मोजण्याची सोय, प्राणवायूचा भरलेला सिलिंडर, मुखवटा व फुगा, तोंडातील रक्त व लाळ ओढून घेणारे यंत्र आणि मिडाझोलामचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल हे औषध हाताशी असावे. उताऱ्याचा अंमल कधी कधी मूळ औषधाच्या आधी संपतो. म्हणून उतारा दिल्यानंतरही रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. स्त्री रुग्ण असो वा मूल, उपचाराच्या सर्व काळात खोलीत दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हजर असलीच पाहिजे. गुंगीत काही रुग्णांना चमत्कारिक भास होतात. रुग्णाची सुरक्षितता आणि डॉक्टरांची प्रतिष्ठा, या दोहोंसाठी हा नियम आवश्यक आहे.

रुग्णाने सामान्यतः सहा तास अन्न व दोन तास पाणी घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी उपाशी राहण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. संमतिपत्र औषध देण्यापूर्वी, रुग्ण पूर्ण सावध असताना, त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवून घेतले पाहिजे. मुलाच्या बाबतीत ते पालकाकडून घ्यावयाचे असते.

घरी परतल्यावर

मिडाझोलामचा एक विशेष गुण असा, की औषधाच्या अंमलात घडलेले रुग्णाला नंतर नीट आठवत नाही. उपचाराची कटू आठवण राहत नाही, हा त्याचा लाभ. पण डॉक्टरांनी दिलेल्या सूचनाही तो विसरतो. “समजले का?” असे विचारले तर रुग्ण मान डोलावतो आणि गावी पोहोचेपर्यंत सर्व विसरलेला असतो. म्हणून सूचना लेखी असाव्यात आणि त्या सोबतच्या जबाबदार माणसाच्या हाती द्याव्यात. ज्याच्याबरोबर सोबती नाही, त्याला गुंगी देऊ नये.

पुढील २४ तास रुग्णाने मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये. मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांच्याजवळ जाऊ नये, विहिरीवरचा पंप सुरू करण्यास रात्री एकट्याने निघू नये आणि पिकावर कीटकनाशकाची फवारणी करू नये. दारू घेऊ नये. तसेच जमिनीचा व्यवहार, सोसायटीचे कर्जपत्र किंवा कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर त्या दिवशी सही वा अंगठा करू नये. मूल असेल, तर ते घरी जाताना झोपले असता त्याची मान छातीवर वाकू देऊ नये. तोंड मोकळे व श्वास सुरळीत आहे, याकडे लक्ष द्यावे.

गावाने करावयाचे काम

भातकुलीहून अमरावती दूर नाही. तेथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालयही आहे. नागपूर येथे १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय कार्य करीत आहे. गुंगीची गरज असलेल्या रुग्णाने अशा संस्थेत जाऊन, तेथे ही सोय व तिला आवश्यक माणसे आहेत काय, याची चौकशी करावी. लहान दवाखान्यात साधनांवाचून गुंगी देण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये आणि डॉक्टरांनीही तो मान्य करू नये. बहुसंख्य रुग्णांना जागेची भूल, शांतपणे सांगितलेले चार शब्द आणि थोडा वेळ एवढेच पुरेसे असते.

या कामी शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलांचे दात पाहिले जातात, तेव्हाच वरच्या वर्गातील मुलांना तीन बोटांची खूण शिकविता येईल. घरी जाऊन ती वडिलांना व काकांना करावयास सांगता येईल. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री निषिद्ध आहे. शाळेच्या कोपऱ्यावरची खर्ऱ्याची टपरी हलविणे हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी मनावर घेतले, तर अवघड नाही. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा आशा कार्यकर्तीस बोलावून, कोणाचे तोंड उघडत नाही, कोणाच्या गालात चट्टा आहे, अशा माणसांना खासगीत समजावून तपासणीसाठी पाठविण्याची व्यवस्था करता येईल. सोबतीस माणूस नाही म्हणून ज्यांची तपासणी लांबते, अशांसाठी गावातील एखाद्या तरुणाने एक दिवस दिला, तरी ते मोठे काम होईल.

नाकातील फवारा हा दंतोपचारातील एक उपयुक्त शोध आहे. योग्य रुग्ण, योग्य मात्रा आणि सुसज्ज जागा, या तीन अटी पाळल्या तर तो रडणाऱ्या मुलाला आणि घाबरलेल्या प्रौढाला उपचाराच्या खुर्चीपर्यंत आणतो. परंतु दवाखान्याच्या दारापर्यंत माणसाला आणण्याचे काम कोणतेही औषध करू शकत नाही. ते शेजाऱ्याने, शिक्षकाने आणि पंचायतीनेच करावयाचे आहे.